नाव बार्करचे, लेखणी दुसऱ्यांची: मार्व्हलच्या ‘रेझरलाइन’चे प्रकरण

१९९३च्या उन्हाळ्यात मार्व्हल कॉमिक्सने ‘रेझरलाइन’ या नावाखाली चार नव्या सुपरहिरो मालिका जवळजवळ एकदमच बाजारात आणल्या आणि पुढच्या वर्षीचा उन्हाळा येण्याआधी त्या चारही गुंडाळल्या. ‘हायपरकाइंड’, ‘होकम अँड हेक्स’ आणि ‘एक्टोकिड’ यांचे प्रत्येकी नऊ अंक निघाले. ‘सेंट सिनर’चे सातच. या मालिकांचा जनक क्लाइव्ह बार्कर हा तेव्हा इंग्रजी भयसाहित्यात स्टीफन किंगच्या खालोखाल चर्चेत असलेला लेखक होता, प्रकाशक अमेरिकेतला सर्वांत मोठा होता आणि कॉमिक्सच्या दुकानांतली उलाढाल त्या वर्षी पूर्वी कधी नव्हती एवढी वाढलेली होती. इतके सगळे अनुकूल असताना चारपैकी एकाही मालिकेला दहावा अंक दिसू नये, ही गोष्ट नुसती नोंदवून पुढे जाण्यासारखी नाही.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की १९९३च्या उत्तरार्धात कॉमिक्सचा बाजार कोसळला आणि अनेक नव्या मालिकांबरोबर याही वाहून गेल्या. हे खरे आहे, परंतु ते अपुरे आहे. मालिका केव्हा बंद पडल्या हे त्यातून समजते. त्यांच्यासाठी आग्रह धरणारा वाचकवर्ग का तयार झाला नाही, हे त्यातून समजत नाही. त्याच पडझडीत ज्या मालिकांना आपापला वाचक होता त्या तगून राहिल्या. माझ्या मते रेझरलाइनचा दोष तिच्या मांडणीतच होता. मार्व्हलने बार्करचे नाव घेतले, त्याच्या कल्पनांचे आराखडे घेतले. मात्र ज्या लेखनामुळे त्या नावाला किंमत आली होती, ते लेखन या व्यवहारात कुठेच नव्हते. शिवाय ज्या विक्रीव्यवस्थेत हा माल सोडला गेला, तिथे मालिकेचे भवितव्य वाचकाने पहिला अंक नीट वाचून होण्याच्या आधीच बरेचसे ठरत असे.

बार्कर कॉमिक्सपर्यंत कसा आला

बार्करचा जन्म १९५२चा, लिव्हरपूलचा. तरुणपणी तो लंडनमध्ये प्रायोगिक नाटके लिहीत आणि बसवीत होता. १९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत त्याच्या भयकथांचे ‘बुक्स ऑफ ब्लड’ हे सहा खंड प्रसिद्ध झाले आणि स्टीफन किंगने ‘भयकथेचे भविष्य’ म्हणून त्याची केलेली स्तुती पुढे प्रत्येक मुखपृष्ठावर छापली जाऊ लागली. १९८७मध्ये त्याने आपल्याच लघुकादंबरीवरून ‘हेलरेझर’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि डोक्यात खिळे ठोकलेला पिनहेड जगभर ओळखला जाऊ लागला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो लॉस एंजेलिसला स्थायिक झाला. तो चित्रकारही आहे, ही बाब इथे महत्त्वाची ठरते, कारण त्याच्या कल्पना मुळातच दृश्यरूपात येतात आणि म्हणून कॉमिक्सचे प्रकाशक त्याच्याकडे वळणे स्वाभाविक होते.

रेझरलाइनच्या आधीच बार्करचे साहित्य कॉमिक्समध्ये येऊन गेले होते आणि तिथे त्याचे बरे चालले होते. एक्लिप्स या प्रकाशनाने १९८९पासून ‘टॅपिंग द व्हेन’ या नावाने त्याच्या कथांची चित्ररूपे काढली. त्याच वर्षी मार्व्हलच्याच ‘एपिक’ या प्रौढ वाचकांसाठीच्या विभागाने ‘हेलरेझर’ सुरू केले आणि त्याचे वीस अंक निघाले. १९९०मध्ये ‘नाइटब्रीड’ आले आणि ते पंचवीस अंक चालले. म्हणजे बार्करची कॉमिक्स बार्करने स्वतः लिहिली नाहीत तर ती चालतच नाहीत, असे म्हणण्याची सोय नाही. ‘हेलरेझर’चे बहुतेक सगळे लेखन इतरांनीच केले होते.

मग फरक कुठे पडला? एपिकचे ‘हेलरेझर’ हा कथासंग्रह होता. एक कोड्याची पेटी, ती उघडण्याचा मोह आवरता न येणारा एखादा माणूस आणि उघडल्यावर पलीकडून येणारे सेनोबाइट, म्हणजे पिनहेड आणि त्याच्या जातीचे जीव, एवढा नियम पक्का होता. बाकी काळ, स्थळ, पात्रे, चित्रशैली दर कथेला बदलत असे. अशा रचनेत वेगवेगळ्या लेखकांचे वेगवेगळे आवाज येणे ही उणीव ठरत नाही. उलट त्यामुळेच संग्रह वाचनीय होतो. ‘नाइटब्रीड’मध्ये पात्रे ठरलेली होती, तरी त्यामागे कादंबरी होती, चित्रपट होता आणि समाजाने हाकललेल्या राक्षसांची बाजू घेण्याची बार्करची खास वृत्ती वाचकाला आधीच ठाऊक होती. दोन्ही ठिकाणी लेखक-चित्रकारांसमोर बार्करने पूर्ण केलेले काम उभे होते. त्यांनी त्याचा विस्तार करायचा होता.

रेझरलाइनमध्ये असे पूर्ण झालेले काहीच नव्हते. बार्करने पात्रे कल्पिली, ‘डेकामुंडी’ नावाच्या दहा मितींच्या विश्वाची चौकट सुचवली आणि प्रत्येक मालिकेचे बीज दिले. संहिता लिहिण्याचे काम मार्व्हलने नेमलेल्या चार लेखकांकडे गेले. वाचकाच्या हाती पडणारा एकही संवाद बार्करचा असण्याचे कारण नव्हते, पण मुखपृष्ठावर मात्र बार्करचे नाव होते.

चार मालिका, चार प्रकृती

मालिका सुरू होण्याआधी ‘रेझरलाइन: द फर्स्ट कट’ हा नमुन्यादाखल एक स्वस्त अंक काढण्यात आला. त्यात चारही मालिकांची ओळख होती. पहिल्या तीन मालिकांच्या पहिल्या अंकावर सप्टेंबर १९९३ असा महिना छापलेला आहे आणि ‘सेंट सिनर’च्या अंकावर ऑक्टोबर. अमेरिकी कॉमिक्सवर छापलेला महिना प्रत्यक्ष विक्रीच्या दोनेक महिने पुढचा असतो, हे ध्यानात घेतले तर ही सगळी भरती त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये झाली, असे म्हणता येते.

‘हायपरकाइंड’ ही चारांतली सर्वांत सरळ सुपरहिरो मालिका होती. जुन्या काळातल्या महानायकांची शक्ती आजच्या काही तरुणांच्या वाट्याला येते आणि त्यांचा एक गट तयार होतो, असे तिचे सूत्र होते. लेखन फ्रेड बर्कचे होते. त्याने एक्लिप्ससाठी बार्करच्या चित्रांवरच्या पुस्तकाचे काम केले होते, म्हणजे बार्करच्या मनाशी परिचय असलेला हा माणूस होता. चित्रे पॅरिस कलिन्सची होती. तरीही नेमकी हीच मालिका सर्वांत कमी बार्करी वाटते. तरुणांचा गट, रंगीत पोशाख, टोपणनावे, आपसांतली धुसफूस हा सगळा मसाला १९९३मध्ये दर महिन्याला दहा ठिकाणी मिळत होता. बार्करच्या कादंबरीत शरीर बदलते तेव्हा त्या माणसाच्या वासना, लाज, भीती, सगळेच उघडे पडते. इथे शरीर बदलते ते पुढच्या मारामारीसाठी.

‘होकम अँड हेक्स’चा नायक ट्रिप मनरो हा फारसे यश न मिळालेला विनोदवीर. त्याच्यावर अचानक जादूची शक्ती आणि पृथ्वीचे रक्षण करण्याची जबाबदारी येऊन पडते. लेखक फ्रँक लव्हीस हा मुळात पत्रकार आणि चित्रपट-समीक्षक, चित्रे अँथनी विल्यम्सची. कल्पना मजेदार आहे आणि काही अंकांत तिचा सूर सापडलेलाही दिसतो. पण विनोद आणि भय एकाच पानावर पेलण्यासाठी जी संथ पकड लागते ती बावीसएक पानांच्या मासिक अंकाच्या घाईत सहसा साधत नाही.

‘सेंट सिनर’ ही प्रौढ वाचकांकडे झुकलेली मालिका होती. फिलिप फेटर या माणसाच्या देहात एक देवदूत आणि एक दैत्य असे दोघेही वस्तीला आलेले आहेत, ही तिची मूळ कल्पना. लेखिका इलेन ली ही ‘स्टारस्ट्रक’ या अवघड आणि हुशार विज्ञानकथेमुळे जाणकारांत मान असलेली, तर चित्रकार मॅक्स डग्लस हा पुढे सॅलगुड सॅम या नावाने ओळखला गेला. चौघांत सर्वांत महत्त्वाकांक्षी म्हणावी अशी ही मालिका होती आणि सर्वांत आधी तीच बंद पडली. तिचा वाचक सुपरहिरोंच्या कपाटापाशी नव्हता. तो शेजारच्या कपाटापाशी, डीसी या प्रतिस्पर्धी प्रकाशकाने त्याच वर्षाच्या सुरुवातीला स्थापन केलेल्या ‘व्हर्टिगो’ या प्रौढ वाचकांसाठीच्या विभागाच्या अंकांपाशी उभा होता. मार्व्हलने हीच मालिका एपिकमधून काढली असती तर ती कदाचित अधिक टिकली असती, असा माझा अंदाज आहे. ‘हायपरकाइंड’च्या कुटुंबात तिला बसवणे म्हणजे दोन्ही प्रकारच्या वाचकांना बुचकळ्यात टाकणे होते.

राहिली ‘एक्टोकिड’. तिच्याकडे पुढे स्वतंत्रपणे यावे लागेल.

१९९३चा बाजार

या काळातला बाजार समजून घेतल्याशिवाय एकदम चार मालिका काढण्याचा निर्णय वेडेपणाचा वाटेल, आणि तो तसा नव्हता. १९८९च्या सुरुवातीला रॉन पेरेलमन या गुंतवणूकदाराने सव्वाआठ कोटी डॉलरना मार्व्हल विकत घेतली होती. १९९१मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आले. त्याच वर्षी ‘एक्स-मेन’च्या नव्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानदारांनी उचलल्या. यांतल्या पुष्कळ प्रती वाचण्यासाठी घेतलेल्याच नव्हत्या. जुन्या कॉमिक्सना लिलावात मिळणाऱ्या किमतींच्या बातम्या वाचून लोक पहिले अंक पाच-पाच, दहा-दहा प्रतींनी विकत घेऊन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवत होते आणि त्यांतून मुलांच्या शिक्षणाची सोय होईल अशी स्वप्ने पाहत होते. जी वस्तू लाखो लोकांनी जपून ठेवली आहे तिला दुर्मीळतेची किंमत कशी येणार, हा साधा प्रश्न विचारायला त्या दोन-तीन वर्षांत फारसे कोणी तयार नव्हते.

१९९२मध्ये मार्व्हलचे सर्वांत लोकप्रिय चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी ‘इमेज’ ही स्वतःची संस्था काढली. नव्या नावांच्या मागे वाचक जातो, हे त्यातून सगळ्यांना दिसले. त्यानंतर प्रत्येक प्रकाशकाला स्वतःचे एक नवे, आखीव विश्व हवे झाले. १९९३ या एका वर्षात माइलस्टोन, मालिबूचे अल्ट्राव्हर्स, डार्क हॉर्सचे ‘कॉमिक्स ग्रेटेस्ट वर्ल्ड’, जिम शूटरचे डिफायंट, टॉप्सने जॅक कर्बीच्या संकल्पनांवर उभारलेली मालिका, असे सारे एकामागून एक आले. स्वतः मार्व्हलकडे ‘घोस्ट रायडर’च्या भोवती जमवलेला ‘मिडनाइट सन्स’ हा अलौकिक आणि भयाचा गट आधीपासून सुरू होता, म्हणजे रेझरलाइनची पहिली स्पर्धा घरातच होती.

या पार्श्वभूमीवर मार्व्हलच्या व्यवस्थापनाने केलेला विचार समजण्यासारखा आहे. चित्रकार सोडून गेले तर त्यांच्या जागी कॉमिक्सबाहेरचे, जगाला माहीत असलेले नाव आणावे. त्या नावाच्या बळावर एक नवे विश्व उभारावे. पहिल्या अंकांवर चमचमते फॉइलचे मुखपृष्ठ लावावे. हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. चूक होती ती ‘नाव’ म्हणजे काय हे समजण्यात. इमेजचे चित्रकार आपले नाव घेऊन गेले तेव्हा आपले हातही घेऊन गेले होते.

मागणीचे वेळापत्रक

आता या प्रकरणाचा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, पण सहसा दुर्लक्षिला जाणारा भाग.

अमेरिकेत १९८०च्या दशकापासून कॉमिक्सची विक्री मुख्यत्वे खास दुकानांतून होऊ लागली होती. वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर न विकलेले अंक परत करता येत असत. या दुकानांना मात्र घाऊक वितरकाकडून जास्त सवलत मिळे आणि बदल्यात न विकलेला माल परत करण्याचा हक्क नसे. दुकानदार वितरकाच्या मासिक यादीवरून, अंक बाजारात येण्याच्या दोन-तीन महिने आधी, किती प्रती हव्यात ते कळवत असे. चुकीचा अंदाज आला तर नुकसान त्याचे.

याचा अर्थ असा, की पहिल्या अंकाच्या किती प्रती मागवायच्या हे दुकानदार एकही पान न वाचता ठरवतो. त्याच्यासमोर असते ते लेखकाचे नाव, एखादे चित्र आणि दोन ओळींची जाहिरात. या टप्प्यावर ‘क्लाइव्ह बार्कर’ ही अक्षरे पुरेशी असतात. पहिला अंक दुकानात येईपर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकांची मागणीही नोंदवून झालेली असते. वाचकाने पहिला अंक घेतला का, दुसऱ्यासाठी तो परत आला का, हे दुकानदाराला समजते तेव्हा तो साधारण चौथ्या किंवा पाचव्या अंकाचा अर्ज भरत असतो. घसरण पहिल्यांदा खरी दिसते ती इथे. ते आकडे प्रकाशकाच्या टेबलावर येईपर्यंत सहाव्या-सातव्या अंकाचे काम चालू असते आणि आठव्याची संहिता हातात असते. त्या घडीला मालिका बंद करायचे ठरवले, तर हातातले काम संपवून गोष्टीला जेमतेम गाठ मारण्यासाठी जेवढे अंक लागतील ते मिळून संख्या आठ-नऊच्या आसपास जाते.

तीन मालिकांचा शेवट एकाच महिन्यात, मे १९९४च्या नवव्या अंकांवर व्हावा, हे या वेळापत्रकाशी जुळते. मार्व्हलच्या आतल्या बैठकांत काय बोलले गेले याविषयीचे हे विधान नाही, हा माझा निष्कर्ष आहे. पण नऊ हा आकडा त्या वर्षी बंद पडलेल्या मालिकांत फार अनोखा नाही. या पद्धतीत पहिल्या तीन-चार महिन्यांची विक्री म्हणजे दुकानदाराच्या अपेक्षेची विक्री असते. वाचकाच्या पसंतीला आकड्यांत उतरायला वेळ लागतो, आणि ती हळूहळू वाढणारी असेल तर तो वेळ मालिकेला मिळतच नाही.

भयकथेच्या बाबतीत हे विशेष घातक आहे. सुपरहिरो मालिका पहिल्याच पानावर मारामारीने पकड घेऊ शकते. बार्करच्या कथांची पकड वेगळी: आधी एक ओळखीचे, थोडे कंटाळवाणे जग, मग त्यात न बसणारी एक वस्तू किंवा एक माणूस, मग नायकाला स्वतःच्याच इच्छेची भीती वाटू लागणे. ‘वीव्हवर्ल्ड’ किंवा ‘इमॅजिका’सारख्या त्याच्या कादंबऱ्या सहाशे-आठशे पानांच्या आहेत, त्या उगाच नाहीत. तेवढा पसारा मांडायला त्याला जागा लागते. मासिक अंकाच्या बावीसएक पानांत, चार वेगवेगळ्या लेखकांनी, चार मालिकांतून दहा मितींचे विश्व उलगडायचे आणि तेही दुकानदाराची पाचव्या अंकाची मागणी जाण्याआधी, ही अपेक्षाच अवास्तव होती. चारऐवजी एकच मालिका काढली असती तर निदान बार्करला तिच्या संहितांवर स्वतःचा हात फिरवण्याइतकी सवड राहिली असती. परंतु विश्व विकायचे असेल तर एका मालिकेने भागत नाही, असा त्या काळचा समज होता. आणि ‘रेथहार्ट’, ‘स्किझम’, ‘मोड एक्स्ट्रीम’ अशा आणखी मालिकांचे बेतही आखले गेले होते. त्या कधीच बाहेर आल्या नाहीत.

नाव आणि लेखन

कादंबरीकाराच्या कल्पनेवर इतरांनी कॉमिक्स लिहिणे हा प्रकार मुळातच फसतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह इथे होतो. तो आवरायला हवा. २००७मध्ये याच मार्व्हलने स्टीफन किंगच्या ‘डार्क टॉवर’वर मालिका काढली. तिचा कथाआराखडा रॉबिन फर्थचा, संवाद पीटर डेव्हिडचे, चित्रे जे लीची होती. किंगची भूमिका देखरेखीची होती. ती मालिका उत्तम चालली आणि तिच्यामागून आणखी मालिका निघाल्या. पण तिथे किंगने लिहिलेल्या सात कादंबऱ्या आधीच वाचकाच्या घरात होत्या. कॉमिकच्या प्रत्येक चौकटीला त्या कादंबऱ्यांचे बळ मिळत होते.

दुसऱ्या टोकाला असे कादंबरीकार दिसतात, ज्यांनी नवी कल्पना आणली आणि ती स्वतःच लिहिली. किंगने २०१०मध्ये ‘अमेरिकन व्हँपायर’च्या पहिल्या पाच अंकांतला अर्धा भाग स्वतः लिहिला. त्याचा मुलगा जो हिल याने ‘लॉक अँड की’ ही भयमालिका चित्रकार गॅब्रिएल रॉड्रिगेझबरोबर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः रचली. नील गेमनचे ‘सँडमन’ पंचाहत्तर अंक चालले, आणि ते सगळे अंक त्याचेच होते.

रेझरलाइन या दोन्ही खुंट्यांच्या मधे लटकत होती. मागे पूर्ण झालेला ग्रंथ नाही आणि समोर लेखकाचा स्वतःचा शब्द नाही. नावाच्या ओढीने आलेल्या बार्करच्या वाचकाला आत बार्कर भेटत नव्हता, आणि सुपरहिरोंच्या नेहमीच्या वाचकाला बार्करच्या नावाचे विशेष अप्रूप नव्हते. नेमका हाच प्रयोग १९९५मध्ये टेक्नो कॉमिक्स या कंपनीने अधिक मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. गेमन, लेनर्ड निमॉय, मिकी स्पिलेन अशा प्रसिद्ध नावांच्या कल्पना घ्यायच्या आणि संहिता पगारी लेखकांकडून लिहवून घ्यायच्या, असा तिचा खाक्या होता. दोनेक वर्षांत तो उद्योगही आटोपला.

रेझरलाइनच्या लेखकांची इथे बाजू घ्यायला हवी, कारण अपयशाचे खापर बहुधा त्यांच्यावर फुटते. बर्क, लव्हीस, ली आणि ‘एक्टोकिड’चा पहिला लेखक जेम्स रॉबिन्सन यांच्यापैकी कोणीही कामचुकार नव्हते. पण ज्या पात्राचा अंतिम अधिकार दुसऱ्याकडे आहे, ज्या विश्वाचे नियम शेजारच्या तीन मालिकांशी जुळवून घ्यायचे आहेत, आणि ज्या मुखपृष्ठावर आपल्या नावापेक्षा मोठे नाव छापले जाणार आहे, तिथे लेखक साहजिकच सावध लिहितो.

एक्टोकिड

चौघांत वाचण्यासारखी म्हणून आजही जिचे नाव घेतले जाते ती ‘एक्टोकिड’. डेक्स्टर मुंगो हा न्यू ऑर्लिन्समधला चौदा वर्षांचा मुलगा. त्याची आई माणूस आणि बाप भूत. त्यामुळे त्याचा एक डोळा आपले जग पाहतो आणि दुसरा ‘एक्टोस्फिअर’ नावाचे मृतांचे जग. दोन जगे एकाच जागी एकावर एक पसरलेली आहेत आणि मुलगा दोन्हींत अर्धा-अर्धा उभा आहे. कल्पना एका वाक्यात सांगता येते, चित्रात लगेच दिसते, आणि तिच्यात भय मुलाच्या शरीरातच आहे. त्याला ते बाहेरून येऊन भिडत नाही. चारांपैकी इथेच बार्करचा स्वभाव सुपरहिरोच्या पोशाखाखाली घुसमटलेला नाही, आणि त्याचे एक कारण असे, की डेक्सला तसा पोशाखच नाही.

सुरुवातीचे अंक जेम्स रॉबिन्सनने लिहिले. तो पुढच्याच वर्षी डीसीसाठी ‘स्टारमन’ सुरू करून नावारूपाला आला. त्याच्यानंतर लेखन लाना वाचोव्स्कीकडे गेले, जिने बार्करच्या ‘हेलरेझर’ कॉमिक्समध्येही लिहिले होते. चित्रकार होता तरुण कॅनेडियन स्टीव्ह स्क्रोस. पुढे लाना आणि तिची बहीण लिली या वाचोव्स्की बहिणींनी १९९९च्या ‘द मेट्रिक्स’ या आपल्या चित्रपटासाठी दृश्यांचे चित्रमय आराखडे काढून घेतले तेव्हा त्या कामावर हाच स्क्रोस होता. स्टुडिओला ती कल्पना पटवून देण्यात या चित्रांचा मोठा वाटा होता, असे त्या चित्रपटाच्या निर्मितीविषयी नेहमी सांगितले जाते. एका जगावर पसरलेले दुसरे जग आणि दोन्ही पाहू शकणारा तरुण, हे साम्य पाहून ‘एक्टोकिड’ला त्या चित्रपटाचे बीज ठरवण्याचा उत्साह काहींना येतो. मला तो दावा ताणलेला वाटतो. अशा कल्पना त्या काळच्या विज्ञानकथांत मुबलक होत्या. मात्र लेखिका आणि चित्रकार यांची जोडी इथे जमली, आणि ती टिकली, एवढे निश्चित. २००४मध्ये वाचोव्स्कींच्या स्वतःच्या प्रकाशनातून आलेले ‘डॉक फ्रँकेनस्टाइन’ही स्क्रोसनेच चितारले.

‘एक्टोकिड’चा नववा अंकही बाकीच्यांबरोबरच निघाला. जिला सूर सापडत होता तिला निराळे काढून थोडी मुदत द्यावी, असा विचार झालेला दिसत नाही. एक विश्व म्हणून विकले ते एक विश्व म्हणूनच बंद झाले. १९९४च्या शरदात ‘हायपरकाइंड अनलीश्ड’ आणि ‘एक्टोकिड अनलीश्ड’ असे दोन सुटे अंक आले. पुनरारंभाची ती चाहूल नव्हती, हाताशी असलेले काम बाजारात सोडून देणे होते. त्या वर्षअखेरीस मार्व्हलने मालिबू ही प्रतिस्पर्धी कंपनी आणि पाठोपाठ ‘हीरोज वर्ल्ड’ हा वितरक विकत घेतला. २७ डिसेंबर १९९६ रोजी मार्व्हलने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. या उलथापालथीत चार लहान मालिकांची आठवण ठेवायला कोणाला फुरसत नव्हती.

त्यानंतर

मार्व्हलच्या संदर्भग्रंथांत रेझरलाइनच्या विश्वाला पृथ्वी-४५८२८ असा क्रमांक मिळाला आहे, आणि अधूनमधून कोणी अभ्यासू लेखक तिथल्या पात्राचा उल्लेख करतो. २००१मध्ये निकेलोडियन ‘एक्टोकिड’वर चित्रपट काढणार अशी घोषणा झाली, चित्रपट झाला नाही. २००२मध्ये ‘सेंट सिनर’ नावाचा एक दूरचित्रवाणीपट बार्करच्या नावाने आला, पण त्याचा कॉमिकशी शीर्षकापलीकडे संबंध नाही. एखादे चांगले शीर्षक वाया जाऊ देऊ नये, एवढाच त्यातला व्यवहार दिसतो.

बार्कर स्वतः कॉमिक्सकडे बऱ्याच काळाने परतला तो मुख्यत्वे बूम स्टुडिओज या प्रकाशनामार्फत. २०११मध्ये तिथे ‘हेलरेझर’ पुन्हा सुरू झाले तेव्हा सुरुवातीच्या संहितांवर सहलेखक म्हणून त्याचे नाव होते. २०१३मध्ये ‘नेक्स्ट टेस्टामेंट’ ही त्याची नवी, कुठल्याही जुन्या कादंबरीवर न बेतलेली कथा मार्क मिलरच्या सहलेखनाने आणि हेमी जँगच्या चित्रांनी आली. तिच्यात पोशाख घातलेला एकही नायक नाही, शेजारच्या मालिकांशी जुळवून घ्यायचे विश्व नाही, आणि शेवट कुठे करायचा हे दुकानांच्या मागणीवर सोपवलेले नव्हते: ती बारा अंकांची कथा होती आणि बाराव्या अंकाला संपली.